आत्म्यांची पारख : एका उत्तम शुक्रवारचा अभ्यास

शास्त्रवाचन : 1 राजे 19:9-18, प्रेषितांची कृत्ये 2:1-15 व 8:9-24, 2 करिंथ 12:1-10

गेल्या ईस्टरला आमच्या तरुण वर्गातील एक जुना विद्यार्थी सुटी घेऊन घरी आला होता. तो गोव्याच्या किनाऱ्यावरील एका हॉटेलात नोकरी करतो. वर्ग संपल्यावर तो मागे थांबला आणि म्हणाला, "काका, एक विचारू? तिकडे येणारे काही पाहुणे सांगतात, एक गोळी घेतली की देव दिसतो. मी मोबाइलवर वाचलं की अमेरिकेत धर्मगुरूंनासुद्धा असलं औषध देऊन पाहिलं, आणि त्यांनाही देव अगदी जवळ आल्यासारखं वाटलं. मग आपल्या जागृती सभांत लोक साक्ष देतात ती, आणि हे, यांत फरक काय?"

उपासनेची घंटा व्हायची होती. "हे सैतानाचे उद्योग आहेत, त्यापासून दूर राहा," एवढे सांगून आम्ही विषय मिटवला. पुढच्या रविवारी तो वर्गाला आला नाही, आणि मग सुटी संपून नोकरीवर निघून गेला.

दूर राहा हा सल्ला आजही आम्ही बदलणार नाही. पण त्या मुलाने आमच्याकडे गोळी घेण्याची परवानगी मागितली नव्हती. त्याने एक खरा प्रश्न विचारला होता आणि आम्ही त्याला धाक दाखवला. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच, म्हणून या महिन्याचा पाठ त्यावर घेत आहोत.

या द्रव्यांना सायकेडेलिक म्हणतात. हा शब्द 1950 च्या दशकात हम्फ्री ऑसमंड नावाच्या डॉक्टरांनी दोन ग्रीक शब्द जोडून बनवला. मन किंवा जीव जे उघड करून दाखवते ते, असा त्याचा अर्थ. नव्या करारात ज्या 'प्सुखे' शब्दाचे भाषांतर आपण जीव असे करतो, तोच यात आहे. एल. एस. डी. हे द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी 1938 साली तयार केले, आणि त्याचा मनावर होणारा परिणाम त्यांना 1943 साली स्वतःच्याच देहावर कळला. 1958 साली त्यांनीच मेक्सिकोतील एका अळंबीतून सायलोसायबिन हे द्रव्य वेगळे काढले.

ही अळंबी त्यांच्यापर्यंत कशी पोहोचली, ही हकिगतही ऐकण्यासारखी आहे. मेक्सिकोच्या डोंगराळ भागात वाउतला नावाच्या गावी मारिया साबिना ही माझातेक जमातीची एक गरीब विधवा राहत होती. रात्री प्रार्थना व गायन करून, ही अळंबी घेऊन, ती आजाऱ्यांवर उपचार करी. 1955 साली न्यूयॉर्कचे एक बँकर, गॉर्डन वॉसन, तिच्याकडे गेले. आपल्याला मुलाची काळजी लागली आहे अशी सबब सांगून त्यांनी त्या विधीत प्रवेश मिळवला, आणि 1957 साली 'लाइफ' मासिकात त्याचे सचित्र वर्णन छापले. मग परदेशी तरुणांची त्या गावी रीघ लागली. गावकऱ्यांचा रोष त्या बाईवर आला, तिचे घर जाळले गेले. आमच्यात पूर्वी हे कोणी देव शोधण्यासाठी घेत नसे, आजारी माणूस बरा व्हावा म्हणून घेत असू, अशा अर्थाचे तिचे बोलणे नोंदलेले आहे. तिच्या विधीशी आपला विश्वास जुळत नाही. तरीही हे बोलणे वाचून आम्ही थांबलो. तिच्या घरी ते शेजाऱ्याच्या दुखण्यासाठी होते, आणि परके आले ते स्वतःला काय दिसते ते पाहण्यासाठी.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. तारीख 20 एप्रिल 1962, उत्तम शुक्रवार. ठिकाण, अमेरिकेतील बॉस्टन विद्यापीठाचे मार्श चॅपेल. वर मुख्य मंदिरात उपासना चालू होती आणि उपदेश करीत होते डीन हॉवर्ड थर्मन. हे तेच थर्मन, ज्यांनी 1936 साली आपल्या बारडोलीस येऊन गांधीजींची भेट घेतली होती. गुलामीतून आलेल्या निग्रो समाजातील हा उपदेशक दीनदलितांच्या येशूविषयी बोले, आणि त्याचे शब्द ऐकायला गोरे-काळे दोघेही येत.

खाली तळघरातील लहान चॅपेलमध्ये धर्मशिक्षण घेणारे 20 विद्यार्थी बसले होते. वरची उपासना त्यांना ध्वनिक्षेपकावरून ऐकू येत होती. वॉल्टर पान्के हे स्वतः डॉक्टर व दीक्षित पाळक होते. हार्वर्ड विद्यापीठातील आपल्या प्रबंधासाठी त्यांनी हा प्रयोग मांडला होता. दहा जणांना 30 मिलिग्रॅम सायलोसायबिन दिले होते. उरलेल्या दहा जणांना निआसिन, म्हणजे एक साधे जीवनसत्त्व. कोणाला काय दिले हे कोणालाच सांगितले नव्हते. निआसिनने चेहरा लाल होतो, अंग गरम होते. म्हणून त्या दहांना प्रथम वाटले की खरे औषध आपल्यालाच मिळाले. पण थोड्याच वेळात गुपित फुटले. शेजारचे कोणी जमिनीवर आडवे झाले, कोणी स्वतःशी पुटपुटत फिरू लागले. लाल चेहऱ्यांचे दहा जण मात्र बाकांवर बसून उपासना ऐकत राहिले.

सायलोसायबिन घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी नंतर असे वर्णन केले की काळाचे भान सरले, सर्व काही एक आहे असे वाटले, पवित्राच्या सान्निध्यात आलो असे वाटले. पान्के यांनी ही वर्णने गूढवादी संतांच्या वर्णनांशी ताडून पाहिली आणि त्यांत मोठे साम्य आढळल्याचे लिहिले. पान्के 1971 साली समुद्रात बुडून वारले. पुढे रिक डॉब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांना शोधून काढून त्यांपैकी 16 जणांच्या मुलाखती घेतल्या, आणि 1991 साली त्या प्रसिद्ध केल्या. पाव शतक उलटले होते. तरीही औषध घेतलेले म्हणत होते की तो अनुभव खरा होता आणि त्याने आपल्या आयुष्याला काही चांगले दिले.

वाचकहो, येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. झाडाची पारख फळांवरून करा असे आपल्या प्रभूने सांगितले. मग यांच्या झाडाला फळ मुळीच नव्हते असे आपण न पाहता कसे म्हणावे? काही उपदेशक गलतीकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायातील 'चेटके' या शब्दावर सारा भार टाकतात. मूळ ग्रीक शब्द 'फार्माकिया' आहे, म्हणून तेथे औषधांचाच निषेध आहे, असे सांगतात. आम्हीही डिप्लोमा घेताना हे मोठ्या उत्साहाने वहीत उतरवले होते. पण त्या काळी तो शब्द जादूटोणा व विषप्रयोग यांसाठीही रूढ होता, आणि त्याच मुळापासून आजचे औषधाचे दुकानही निघाले आहे. एका शब्दाच्या खुंटीला एवढे मोठे ओझे टांगू नये.

दुसरीकडून एक भीती घातली जाते: गोळीने हा अनुभव येत असेल, तर सगळा धर्मानुभव म्हणजे मेंदूतील रसायनच ठरेल. शिक्षकांनी या भीतीने गोंधळून जाऊ नये. मेंदूही देवानेच केला. दाविदाने स्तोत्र रचले तेव्हा त्याच्याही डोक्यात मेंदूच होता, आणि एलीया होरेबाला पोहोचला तो देवदूताने दिलेली भाकर खाऊन. अनुभव देहाच्या वाटेने आला एवढ्यावरून तो कोणी पाठवला हे ठरत नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी लोकांना नेमका हाच संशय आला. हे नवा द्राक्षारस प्यालेले आहेत असे ते म्हणाले. पेत्राने उत्तर देताना आधी साधी गोष्ट सांगितली, की अजून सकाळ आहे. आणि मग तो आतल्या भावनांविषयी बोलला नाही, तर येशूविषयी बोलला.

आम्हाला त्या तळघरातील दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आठवतात.

पहिली अशी. औषध घेतलेल्यांपैकी एका विद्यार्थ्याची समजूत झाली की एक वार्ता जगाला सांगण्यासाठी देवाने आपल्याला निवडले आहे. तो चॅपेलमधून बाहेर रस्त्यावर निघून गेला. त्याला परत आणावे लागले, आणि शांत करण्यासाठी थोराझिनचे इंजेक्शन द्यावे लागले. ही गोष्ट पान्के यांनी आपल्या प्रबंधात लिहिलीच नाही. ती डॉब्लिन यांच्या शोधातून उजेडात आली. औषध घेतलेल्या इतरांपैकीही पुष्कळांना त्या तासांत आपण मरतो की काय, वेडे होतो की काय, अशी भीती वाटून गेली होती. तीही मूळ वृत्तांतात पुरती उतरली नाही. पान्के वाईट मनुष्य होते असे आम्ही मानत नाही. एखाद्या चांगल्या गोष्टीने मन भारले की तिच्यात न बसणारा माणूस आपोआप नजरेआड होतो. आपल्या जागृती सभांच्या वृत्तांतांतही 'इतके आत्मे तारले गेले' असा आकडा असतो. जो घाबरून रडत घरी गेला आणि परत आलाच नाही, तो त्यात नसतो. आम्हीही असे वृत्तांत लिहिले आहेत. नव्याण्णव सोडून एकामागे जाणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टांत आपण शिकवतो, पण अहवाल लिहिताना तो विसरतो.

दुसरी गोष्ट त्या निआसिनवाल्या दहा जणांची. त्यांच्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. उपदेश तोच, गीते तीच, वधस्तंभाचे वर्णन तेच. शेजारी बसलेल्याला स्वर्ग उघडलेला दिसत आहे आणि आपला नुसता चेहरा तापला आहे! खरे सांगायचे तर आमची सारी ख्रिस्ती वाटचाल त्या बाकावरची आहे. आम्हाला दृष्टांत झाला नाही. जागृती सभांत शेजारचे थरथर कापत रडत होते, आणि आम्ही डोळे मिटून, आपल्याला काही का होत नाही म्हणून स्वतःवर चिडत बसलो होतो. आमच्या तरुण वर्गातही अशी मुले असतील. त्यांना कधी कोणी सांगितले आहे काय, की त्या बाकावर बसणेही उपासनाच आहे? पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत जाऊन आला, पण चौदा वर्षांनी त्याविषयी लिहिताना दोन-चार ओळींत आटोपतो, आणि मग शरीरातील काट्याविषयी, तीनदा मागूनही न मिळालेल्या गोष्टीविषयी, जास्त बोलतो.

आपल्या मराठी मंडळीने अग्नीचा अनुभव पाहिलेला आहे. 1905 च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती सदनात जी जागृती झाली, तिचा वृत्तांत मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवला आहे. एका मुलीच्या अंगावर ज्वाळा पाहून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, आणि जवळ आली तो मुलगी भाजलेली नव्हती. शेकडो मुली रडत होत्या, पापे कबूल करीत होत्या, काही परभाषांत बोलत होत्या. पंडिता रमाबाईंनी ते दडपले नाही. परंतु परभाषा हेच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एकमेव व आवश्यक चिन्ह आहे, याला शास्त्राधार नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. त्या मुली पुढे टोळ्या करून खेड्यापाड्यांत शुभवर्तमान सांगायला गेल्या. दुष्काळातून वाचवून आणलेल्या त्याच सदनात दळण, स्वयंपाक, विणकाम, आजाऱ्यांची शुश्रूषा चालू राहिली, छापखान्यात स्त्रियांनी खिळे जुळवले. आणि रमाबाई इब्री व ग्रीक शब्दकोश पुढ्यात घेऊन पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत बसल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तोवर ते काम त्यांनी संपवत आणले होते. एका रात्रीच्या अग्नीविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्यानंतरच्या सुमारे सतरा वर्षांच्या मेजाविषयी कमी.

शोमरोनातील शिमोनाला हेच मेज नको होते. त्याला सामर्थ्य हवे होते, आणि तेही पैसे देऊन, हाताखाली राहणारे. गोव्याच्या किनाऱ्यावर 1970 च्या दशकापासून जे विकले गेले, त्याविषयी आमची मुख्य तक्रार हीच आहे. त्यात दर्शन विकत मिळते, पण त्या माणसाला सोमवारी कोण भेटणार हे कोणी सांगत नाही. थर्मन यांचा उपदेश नाही, सोबतीला जाणता माणूस नाही, घाबरून रस्त्यावर धावलेल्याला हात धरून आणणारा नाही.

शिक्षकांनी वर्गात दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. आपल्या देशात 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली एल. एस. डी. व सायलोसायबिन बाळगणे, विकणे, घेणे हे गुन्हे आहेत, आणि शिक्षा तुरुंगाची आहे. तसेच ज्याच्या घराण्यात स्किझोफ्रेनियासारखा मनाचा आजार असेल, त्याला या द्रव्यांनी फार मोठा अपाय होऊ शकतो. परदेशी रुग्णालयांत खिन्नतेच्या आजारावर, तसेच कॅन्सरच्या रुग्णांच्या मरणभयावर या द्रव्यांचे प्रयोग चालू आहेत, आणि काहींना आराम पडल्याचे आढळले आहे. ते काम डॉक्टरांचे आहे. त्याला आपण शिव्याशाप देण्याचे कारण नाही. आपल्या मंडळीतील कोणी खिन्नतेने अंथरुणाला खिळले असेल, तर त्याला डॉक्टरकडे नेणे हेही प्रार्थनेइतकेच आपले काम आहे.

लहान वर्गांना या द्रव्यांची नावे सांगण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी एलीयाचा भाग पुरे: वारा, भूमिकंप, अग्नी, आणि मग तो मंद स्वर. मुलांना विचारावे की त्या स्वराने एलीयाला काय दाखवले. बहुतेक मुले काहीतरी चमत्कार सांगतील. मग त्यांच्याकडून 15 वे वचन मोठ्याने वाचून घ्यावे. देवाने त्याला परतीच्या वाटेला लावले, आणि कोणाकोणाकडे जायचे त्यांची नावे दिली.

त्या मुलाला आम्ही पत्र लिहिले आहे. नाताळात तो येणार आहे, आणि या वेळी घंटेच्या एक तास आधी भेटायचे ठरले आहे.