गॅसची नळी किती वर्षांची?

परदेशात घराच्या छताला धूर झाला की वाजणारी घंटा असते. तीही दहा वर्षांनी बदलतात. आमच्या श्रीरामपूरच्या घरात अशी घंटा नाही. आपली घंटा म्हणजे नाक! गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. पण माझ्या आजीला वासच येत नाही, आणि दुपारी घरात ती एकटी. म्हणून मी शेगडीची नारिंगी नळी पाहिली. तिच्यावर साल होते २०१८. ही नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आजी म्हणाली, "नळी काय भाकरी आहे शिळी व्हायला?" आईने मात्र एजन्सीतून नवी आणवली. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.