शार्कचा दात आणि एका बिशपची सद्सद्विवेकबुद्धी

चिंतनासाठी: संत पौलाचे रोमकरांस पत्र २:१४-१६



ज्यांना नियमशास्त्र मिळालं नाही त्यांच्याही अंतःकरणावर देवाने ते लिहिलेलं आहे आणि त्यांची सद्सद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते, असं संत पौल इथे सांगतो.

याच संत पौलाच्या नावावर माल्टा बेटावर एक कथा चालत आली होती. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २८ मध्ये पौलाच्या हाताला साप डसतो, पण त्याला काही होत नाही. लोकांनी पुढे भर घातली की पौलामुळे तिथल्या सापांच्या जिभांचे दगड झाले! जिभेच्या आकाराचे दगड तिथल्या खडकांत खरंच सापडायचे आणि विषावर उतारा म्हणून लोक ते वापरायचे.

१६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ एक मोठा शार्क पकडला गेला. त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे पाठवण्यात आलं. स्टेनो यांनी त्याचे दात त्या दगडांशी ताडून पाहिले. त्या जिभा नव्हेतच, ते शार्कचे दात! (हे त्यांच्या आधीही काहींनी म्हटलं होतं.) पण मग ते खडकात शिरले कसे? १६६९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडलं की हे थर म्हणजे पाण्याखाली साचलेला गाळ. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. भूगर्भशास्त्राची सुरुवात आजही इथूनच शिकवतात.

आणि या दोन वर्षांच्या मधेच, १६६७ साली, लुथरन घरात वाढलेले स्टेनो कॅथलिक झाले.

ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, "तू इंजिनिअर ना, मग मिस्सेला कसा जातोस?" जणू श्रद्धा म्हणजे तपासणं बंद. स्टेनो यांनी संताच्या नावची दंतकथा सोडली आणि त्याच संताची श्रद्धा धरली. मला यात काही विसंगत वाटत नाही. चुकीचा पुरावा देवाच्या बाजूने दिला तरी चुकीचाच राहतो.

१६७५ मध्ये ते धर्मगुरू झाले, १६७७ मध्ये बिशप. खरी कसोटी त्यानंतर आली. १६८३ साली म्युन्स्टरमध्ये नव्या बिशपच्या निवडणुकीत पैशाचे व्यवहार झाले. स्टेनो तिथेच सहायक बिशप होते. त्यांनी विरोध केला आणि शहर सोडून हॅम्बुर्गला गेले. शार्कच्या दातावरून फार तर वाद होतो; इथे आपल्याच ख्रिस्तसभेतल्या वजनदार माणसांशी गाठ होती. पुढची वर्षं गरिबीत गेली. १६८६ मध्ये श्वेरिन इथे त्यांचं निधन झालं. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केलं.

आमच्या क्षेत्रात म्युन्स्टर फार लांब नसतं. रिलीजची तारीख आलेली असते, टेस्टिंग अर्धवट असतं आणि मेसेज येतो, "रिपोर्टमध्ये 'पास' टाक, नंतर बघू." अशा वेळी मी स्टेनो यांची मध्यस्थी मागतो.

फ्लॉरेन्सला कधी गेलात तर सान लोरेन्झो चर्चमध्ये त्यांची कबर आहे. पाच मिनिटं थांबा.