रोज पाच ओळी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा प्रथम मनात आले की, आपल्या या शहरात मराठी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. पण मराठीत चार ओळींचे पत्र लिहू शकतील अशी मुले त्या घरांत किती निघतील? मुले गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, परंतु लिहावयास बसली की शिरोरेषेपाशीच अडखळतात. गुजराती लिपीस शिरोरेषा नाहीच. आम्ही पेशाने शिक्षक. तरी आमच्याच घरी ही स्थिती होती, हे कबूल केले पाहिजे. ज्या बडोद्यात १९०९, १९२१ आणि १९३४ साली साहित्य संमेलने भरली आणि २०१८ मध्ये पुन्हा भरले, तेथील ही गोष्ट आहे. रियासतकार सरदेसाई १८८९ मध्ये येथे महाराजांच्या नोकरीस लागले आणि नोकरी सांभाळून त्यांनी १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध केली. एवढे लेखन सवयीवाचून होत नाही.

ही सवय लावण्यास हल्लीची ऑनलाइन साधने कितपत उपयोगी पडतात, याचा अनुभव येथे सांगावयाचा आहे.

आरंभी आम्ही मुलीस मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी उमटविणारा कळफलक दिला. काम झटपट होऊ लागले, पण ‘बाळ’ लिहावयाचे तेथे ‘बाल’ पुढे येई आणि ती तेच निवडी. हात शिकला, डोळा शिकला नाही. म्हणून संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक घेतला. त्यात स्वर डाव्या हातास व बहुतेक व्यंजने उजव्या हातास येतात. साध्या कळीवर ‘ल’ आणि शिफ्ट दाबून ‘ळ’. विशेष सोय अशी की, गुजरातीसाठीही हीच मांडणी चालते. बडोद्याच्या मुलास एकाच मेहनतीत दोन लिप्या साधतात. पंधरा दिवस कंटाळा येतो, तो सोसावा.

ऑनलाइन दस्तऐवज एकच ठेवावा. वर तारीख घालावी, खाली पाच ओळी. रोज नवी फाइल उघडणारा मनुष्य आठवड्यात थकतो, असे आम्ही स्वतःवरून सांगतो. रात्रीच्या जेवणानंतरचा गजर लावावा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दहा ओळींचा दंड करू नये. शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. सबंध निबंध लिहून देणारी यंत्रेही आता आली आहेत. पाच ओळींच्या कामी त्यांस लांब ठेवावे.

बोललेले टिपून घेणारी सोय मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांच्या अधिक कामाची. भाषा मराठी निवडलेली आहे ना, हे तेवढे पाहावे. नाही तर मराठी वाक्याची हिंदी होते. आमच्या मातोश्री रत्नागिरीकडच्या. भाजावळ, पातेरा, वई असे शब्द त्यांच्या तोंडी सहज येत. ते आम्ही अनेक वर्षे एका वहीत टिपत होतो, अर्थासह आणि त्यांनी सांगितलेल्या प्रसंगासह. मुलीने टंकलेखनाचा सराव म्हणून ती वही उतरून काढावयास घेतली. रोज पाच ओळी. आम्हांस तो गंमतीचा उद्योग वाटला. घाई करावी असे कोणासच वाटले नाही.

मातोश्री वारल्या. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले. आमच्या घरात कपाटाचा खालचा खण दोन दिवस पाण्यात होता आणि वही त्याच खणात होती. वाळवून पाहिली; पाने एकमेकांस चिकटली होती, शाई वाहून गेली होती. मुलीने उतरलेली चाळीस पाने तेवढी राहिली. उरलेल्या पानांत काय होते ते आम्ही आठवू पाहतो. शब्द आठवतो, प्रसंग आठवत नाही. विचारावयाचे तरी कोणाला?

मुलीचा नेम अद्याप चालू आहे. गेल्या आठवड्यात ती दादीची पाने वाचीत असता ‘वई’ म्हणजे काय, असे विचारावयास आली. काटेरी फांद्यांचे कुंपण, आम्ही म्हणालो. ती परत गेली आणि त्या दिवसाच्या पाच ओळी त्यावरच लिहिल्या.