फ्लोरा फाउंटन : शेणव्याहून एक अभ्याससहल

मुंबईचे फ्लोरा फाउंटन शालेय सहलींच्या वाट्यास बहुधा दहा मिनिटेच येते. मुले छायाचित्र काढतात आणि रांग गेट वे ऑफ इंडियाकडे वळते. शहापूर तालुक्यातील शाळांनी मात्र येथे अधिक वेळ थांबावे, असे सुचवावेसे वाटते. शेणव्याच्या विद्यार्थ्यांसमवेत जाण्याचा योग आला, तेव्हा त्याचे कारण प्रत्ययास आले.

शेणव्याहून एस. टी.ने शहापूर, पुढे आसनगावहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि तेथून दादाभाई नौरोजी मार्गाने पायी, असा हा प्रवास आहे. पूर्वी येथे मुंबईच्या किल्ल्याचा चर्चगेट नावाचा दरवाजा होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडण्यात आली आणि १८६४ मध्ये त्या जागी हे कारंजे उभे राहिले. रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी त्याचा आराखडा केला, तर जेम्स फोर्साइथ यांनी इंग्लंडातील पोर्टलँड दगडात शिल्पे घडविली. मुळात ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी योजिले होते. त्यास फ्रिअर यांचे नाव द्यावयाचे होते. परंतु लोकांच्या तोंडी माथ्यावरील रोमन पुष्पदेवता फ्लोरा हिचेच नाव बसले. गव्हर्नरसाहेब मागे पडले!

शेजारीच हुतात्मा स्मारक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर या परिसरात गोळीबार झाला. त्या लढ्यातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ १९६१ मध्ये हे स्मारक उभारले गेले. मशाल धरलेल्या कामगाराशेजारी शेतकरी पाहून मुले थबकली. त्यांना तो घरातला माणूस वाटला असावा.

कारंज्यावरील रंगाचे जुने थर काढून व जलयंत्रणा दुरुस्त करून २०१९ मध्ये ते पुन्हा सुरू करण्यात आले. आम्ही गेलो तेव्हा पाणी उडत होते. सातवीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे पाणी कुठून येतं?"

कारंज्यात तेच पाणी पंपाने पुनःपुन्हा फिरविले जाते, हे झाले यंत्राचे उत्तर. परंतु शहराच्या पाण्याचे उत्तर मुलांच्या तालुक्यापर्यंत जाते. कारंजे उभे राहिले तेव्हा विहार तलाव पुरा होऊन अवघी चार वर्षे झाली होती. तुळशीचा तलाव १८७९ चा. वाढत्या नगरीस तेवढे पुरेना, म्हणून १८९२ मध्ये तानसा धरणाचे पाणी आणले गेले. तानसा शहापूर तालुक्यात आहे. आज मुंबईस सर्वाधिक पाणी देणारे भातसा धरणही याच तालुक्यातले. भातसेचे नदीत सोडलेले पाणी भिवंडी तालुक्यात पिसे येथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते महानगराकडे जाते.

"मग आमच्या वाडीला टँकर का?" हा त्या मुलीचा दुसरा प्रश्न. क्षणभर कोणीच बोलले नाही. गुरुजींनी टाळाटाळ न करता वहीत एक उतार रेखाटला. धरण खोऱ्यात, समुद्र त्याहून खाली आणि अनेक वाड्या डोंगरउतारावर, धरणाच्याही वर. खाली जाणाऱ्या पाण्यास उतार साहाय्य करतो. वर चढविण्यास पंप, वीज, साठवणटाकी आणि दरमहा बिल भरणारी पंचायत लागते. हे सारे खरे आहे. तथापि तेवढ्याने प्रश्न मिटतो असे नाही. शंभराहून अधिक वर्षे पाणी दूरवर नेण्यासाठी खर्च झाला, जवळच्या चढासाठी तितका झाला नाही, हेही मुलांना सांगणे प्राप्त आहे. गुरुजींनी ते सांगितले. माहिती खात्यात वीस वर्षे काढूनही मला ते इतक्या थोडक्यात सांगता आले नसते.

परतल्यावर मुलांनी तानसा, भातसा, पिसे व मुंबई दाखविणारा नकाशा काढून शाळेच्या भिंतीवर लावला. त्यावर परिसरातील वाड्याही आहेत. प्रत्येक वाडीपुढे समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्यास जागा मोकळी ठेवली असून, ते आकडे मिळावेत म्हणून पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्यांकडे मुलांच्या सह्यांचा अर्ज गेला आहे.