शटरच्या आड येणारी फुली

प्रश्न : कुपवाडला आमची ४२ मीटर लांबीची, सात गाळ्यांची शेड उभी राहतेय. फॅब्रिकेटरने दोन्ही लांब भिंतींना नेमक्या मधल्या गाळ्यात सळ्यांची फुली मारलीय आणि मला एका बाजूला तिथेच शटर हवंय. त्यातली एक सळी तर हाताने हलवली तरी खुळखुळते. ती फुली काढली तर काय बिघडेल? शेजारच्या प्लॉटवर ऑफिसच्या सांगाड्याला उलटा ‘व्ही’ लावलाय, तो आम्हाला का नाही?

उत्तर : आधी कटर खाली ठेवा.

तुमच्या शेडला रुंदीच्या दिशेने वारा लागला तर प्रत्येक पोर्टल तो स्वतः पेलतं, कारण त्याचे कॉलम आणि राफ्टर कोपऱ्यात घट्ट बोल्टलेले असतात. लांबीच्या दिशेने मात्र तीच पोर्टलं पत्त्यांसारखी एकामागे एक उभी असतात. टोकाच्या भिंतीवरचा वारा छतातल्या फुल्यांमधून भिंतीतल्या फुलीत येतो आणि तिथून पायात उतरतो. म्हणजे सातही गाळे त्या एका गाळ्याच्या भरवशावर उभे आहेत. चार पट्ट्या चार खिळ्यांनी जोडून बघा, चौकट लगेच कलते. एक तिरपी पट्टी मारली की हलत नाही. परांची बांधणारे तिरपा बांबू आवळतात तो याचसाठी.

आता खुळखुळणारी सळी. बारीक सळी ओढ सोसते, दाब सोसत नाही. दाबली की वाकून मोकळी होते. म्हणून तर दोन लागतात. वारा एका बाजूने आला की एक ताणते, उलटला की दुसरी. पण वारा नसतानाही एखादी लोंबत असेल तर टर्नबकल आवळायला हवा. तेही कॉलमला ओळंबा लावूनच, कारण हौसेने जास्त पिळलं तर कॉलमच तिरका होतो.

मधला गाळा निवडला यात फॅब्रिकेटरचं मला कौतुक वाटतं. तापमान ३० अंशांनी चढलं तर ४२ मीटर पोलाद साधारण १५ मिलिमीटर वाढतं. दोन्ही टोकांना फुल्या मारून शेड जखडली तर ही वाढ जाणार कुठे?

उलट्या ‘व्ही’खालून दार जातं, म्हणून इमारतींत तो लाडका. पण त्याचा एक पाय ताणात असतो तेव्हा दुसरा दाबात, त्यामुळे तिथे सळी चालत नाही. जाड अँगल किंवा पाइप लागतो. शिवाय भूकंपात दाबातला पाय वाकला की ताणातला पाय वरच्या बीमला मधोमध खाली खेचतो. तेवढा जोर सोसेल असा बीम आधीच धरावा लागतो. ‘के’ आकार त्याहून वाईट. त्यात तिरपे तुकडे कॉलमच्या मध्यावर येऊन भिडतात, एक वाकला की धक्का थेट कॉलमच्या पोटात. बीम वाकला तर एक मजला लंगडतो, कॉलम गेला तर वरचं सगळंच येतं. भूकंपाचा जोर पेलण्यासाठी ‘के’ वापरायला आयएस ८०० : २००७ मध्ये मनाईच आहे.

(तिरप्यांची लाज वाटणाऱ्या मालकांना मी शिकागोचं जॉन हॅनकॉक सेंटर दाखवतो. ढाक्यात वाढलेले अभियंते फझलूर खान यांनी १९६९ साली पूर्ण झालेल्या त्या १०० मजली इमारतीच्या फुल्या दर्शनी भिंतींवरच ठेवल्या. काही खिडक्यांसमोरून तिरपं पोलाद जातं.)

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. त्या गाळ्यात तिरप्यांऐवजी भिंतीच्या रेषेत एक जाड पोर्टल बसवा. शटर जाईल, पोलाद जास्त लागेल. नाहीतर फुली शेजारच्या गाळ्यात सरकवा. पण मग छतातली आणि समोरच्या भिंतीतलीही त्याच गाळ्यात न्यावी लागेल आणि नव्या गाळ्याच्या पायांना वर उचलणारा जोर सोसतो का, हे डिझायनरकडून तपासून घ्यावं लागेल. नव्या फुल्या आवळून झाल्याशिवाय जुनीचा एकही बोल्ट सैल करू देऊ नका. पत्रे अजून चढले नसतील तर हे काम आताच उरका.