हो म्हणण्याआधी वही उघड

डोंबिवली, ५ जुलै २०२६

चिऊ,

तुझा परवाचा फोन मनातून जात नाही. नोकरी सोडून वर्षही झालं नाही, आणि तीन दिवाळी अंकांची मांडणी, एक कथासंग्रह, वर शाळेची स्मरणिका एवढं सगळं तू एकदम अंगावर घेतलंस. पहाटेपर्यंत जागतेस, तरी एकही काम वेळेत जात नाही म्हणालीस. माझं आयुष्य अक्षरजुळणीत आणि प्रुफं वाचण्यात गेलं, म्हणून अधिकाराने सांगते. तुझा वेळ कामाच्या टेबलावर वाया जात नाही. फोनवर तू पटकन 'हो' म्हणतेस, तिथेच पुढचे आठ दिवस जातात.

आपल्या धंद्याचा हंगाम आपल्या हातात नसतो, हे आधी पक्कं समजून घे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हा सुरू झालेल्या या परंपरेने मराठी छपाईचं सगळं वर्ष दिवाळीला बांधून टाकलं. सगळे संपादक एकाच वेळी घाईत असतात. यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आलंय. म्हणजे हाताशी वेळ जास्त, असं तुला वाटत असेल. तसं होत नाही गं. लेखकही तेवढेच उशिरा मजकूर देतात, आणि मधला सगळा उशीर पानं लावणाऱ्याच्या माथी येतो.

दिवसाला चाळीस पानं होतात म्हणालीस. होत असतील, पण स्वच्छ मजकुराची. प्रत्यक्षात एकाचा लेख व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी येतो, दुसऱ्याची श्रीलिपीतली जुनी फाइल येते, तिसरा हस्ताक्षराचे फोटो पाठवतो. श्रीलिपीचं युनिकोड करताना कुठे रफार उडतो, कुठे अर्धं अक्षर पूर्ण होतं. ते ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सापडत नाही. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायचा राहिला, तर 'कविता'मधली वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. हे सगळं झाल्यावर पहिलं प्रूफ, मग दुसरं. आणि अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी एक पान जाहिरात येते. मागची सगळी पानं सरकतात, सोळा पानांचा फॉर्म पुन्हा जुळवावा लागतो, अनुक्रमणिका बदलते. म्हणून दिवसाची वीसच पानं धर. नव्या पानांना सकाळ दे, करेक्शनला दुपार राखून ठेव. एखादी दुपार मोकळी गेली तर जाऊ दे, ती भरायला नवं काम घेऊ नकोस.

फोनवर कुणालाही लगेच शब्द द्यायचा नाही. "वही बघून तासाभरात सांगते," एवढंच म्हण. वहीत पानं किती, मजकूर पूर्ण कधी येणार आणि प्रुफं किती, हे लिही. तारीख देताना कॅलेंडरवरची देऊ नकोस, 'सगळा मजकूर हाती आल्यापासून इतके दिवस' असं सांग. दोन प्रुफं ठरलेल्या पैशांत, तिसऱ्याचे वेगळे. हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव आणि समोरच्याचं 'ठीक आहे' आल्यावरच काम उघड. माणसं दुखावतील ही भीती सोड. चांगल्या संपादकाला स्पष्ट बोलणारी मांडणीकार आवडते.

घरच्यांचं जरा अवघड आहे. तुमच्या कामणमध्ये सगळ्यांना वाटतं, ही घरीच तर असते. मग सिलिंडर घ्यायला तू, बँकेत तू, पाहुण्यांच्या चहाला तू. वहिनीला मी बोलेन, पण दार लावून बसायची वेळ तुलाच ठरवावी लागेल, आणि ती रोज एकच हवी. गणपतीचे दिवस कामाच्या हिशोबात धरूच नकोस. पावसात तिकडे लाइट जाते, तेव्हा जड फाइलींचं काम इन्व्हर्टरच्या भरवशावर ठेवू नकोस. आणि प्रत्येक प्रुफासाठी दादर गाठणं बंद कर. चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरच्या कंटेनरांच्या रांगेत अर्धा दिवस जातो. पीडीएफ पाठव, आणि जायलाच हवं असेल तेव्हा सगळ्यांची कामं एकाच दिवशी उरक.

एवढी कामं तू का घेतेस तेही मला कळतं. मागचे पैसे आलेले नाहीत, म्हणून पुढचं काम सोडवत नाही. यावर उपाय कर. ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा सुरुवातीलाच माग. उद्यम नोंदणी करून घे, ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे अडवता येत नाहीत, आणि करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. लगेच भांडायला जा असं मी म्हणत नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली की हिशोबनीसही जरा जपून वागतो.

आता या घटकेला काय करायचं ते सांगते. स्मरणिका सोड. शाळेचा कार्यक्रम डिसेंबरात आहे, पैसे कमी आहेत आणि समितीतले पाच जण पाच दुरुस्त्या सुचवणार. उद्याच मुख्याध्यापकांना फोन कर. जुलैत सांगितलंस तर त्यांना दुसरं कुणीतरी मिळेल, ऑक्टोबरात नाही मिळणार. कथासंग्रहाच्या प्रकाशकांना विचार, दिवाळीनंतर चालेल का? पुस्तकाला दिवाळीची सक्ती नसते. तीन अंक मात्र नीट कर. त्यातला ज्याचा मजकूर आधी पूर्ण येईल त्याची पानं आधी लाव, मग दुसरा कितीही ओळखीचा असू दे.

येत्या रविवारी कामण रोडहून दिव्याची गाडी धर आणि कोपरला उतर. त्या मार्गावर गाड्या मोजक्याच, वेळ बघून नीघ. वही आणि तिन्ही अंकांच्या अनुक्रमणिका घेऊन ये, सप्टेंबरपर्यंतचं वेळापत्रक दोघी मिळून लावू. जेवायला इथेच थांब.

तुझी,
आत्या