घरच्या बिअरचं किट: डबा नंतर, दुकान आधी
नवागतांसाठी मार्गदर्शन : ऑस्ट्रेलिया

इथे बिअरवर अबकारी कर भरपूर, त्यामुळे घरी बिअर करणारी माणसं तुम्हाला जागोजागी भेटतील. ऑफिसातलं कुणीतरी घरची बाटली हातात ठेवतं, ‘डबा ओतला, पाणी घातलं, झालं’ असं सांगतं, आणि आपण शनिवारी सुपरमार्केटात जाऊन समोर दिसेल तो डबा उचलतो. मेलबर्न, सिडनी आणि अ‍ॅडलेडमधली जी मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं घरी बिअर करत आली आहेत, त्यांच्या सांगण्यातून हे टिपण तयार केलं आहे. चवीबद्दल त्यांच्यात भरपूर मतभेद आहेत. एकमत आहे ते एवढ्यावर, की किट कुठल्या कंपनीचं हे पुढचं पुढे, ते कुणाकडून घ्यायचं हे आधी ठरवा.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो, कारण व्हिसावर असलेल्यांना ती धास्ती असते. स्वतःच्या घरी, स्वतःसाठी आणि मित्रमंडळींसाठी बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही, मंडळाच्या आनंदमेळ्यातही नाही. दारू गाळण्याची गोष्ट वेगळी आहे. तिला अबकारी परवाना लागतोच, भांडं कितीही लहान असो. बिअरचं सामान विकणाऱ्या बऱ्याच दुकानांत गाळण्याची यंत्रंही मांडलेली असतात. ती पाहा आणि पुढे जा. न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती गाळायला मुभा आहे, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ पाहून इथे काही करू नका. आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू तयार करणं १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा सुट्टीला जाताना भावासाठी किट नेऊ नका.

आता डबा हातात घ्या. बहुतेक किटमध्ये हॉप्स घातलेला माल्टचा दाट पाक असतो, साधारण १.७ किलो, आणि त्यातून २३ लिटर बिअर होते. अ‍ॅडलेडच्या कूपर्सचा डबा सगळीकडे मिळतो आणि तो उत्तम आहे. प्लॅस्टिकचं झाकण उचललंत की खाली यीस्टची ७ ग्रॅमची पुडी सापडेल. साऱ्या बिअरचा जीव त्या पुडीत आहे. विरजण मेलेलं असेल तर दूध कितीही चांगलं असो, दही लागत नाही, तसंच हे. म्हणून डब्यावरची तारीख वाचा. तारखेला सहा महिने उरले असले तरी डबा उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात पडला असेल तर यीस्ट दुबळं झालेलं असतं आणि पाकही काळपट पडलेला असतो. अशा पाकाच्या बिअरला एक शिळकट, उग्र चव येते. ती साखरेने जात नाही, थंड केल्यानेही जात नाही.

म्हणून दुकानात शिरल्यावर भिंतीकडे बघा. डबे खिडकीच्या उन्हात रचलेत का? सुटी यीस्टची पाकिटं फ्रिजमध्ये आहेत की काउंटरवर टोपलीत? हॉप्स हवाबंद पिशवीत, थंडीत ठेवलेत का? ज्या दुकानदाराने यीस्ट आणि हॉप्स फ्रिजमध्ये ठेवलेत, तो बाकीची काळजीही घेतो असा सगळ्यांचा अनुभव आहे. सुपरमार्केटातला डबा वाईट नसतो, खप जास्त असल्याने कधीकधी तोच ताजा असतो. पण तिथे प्रश्न विचारायला कुणी नसतं.

खरी परीक्षा बोलण्यात आहे. चांगला दुकानदार तुम्हाला काही विकण्याआधी विचारतो, ‘हे ठेवणार कुठे? तिथे तापमान किती असतं?’ हा प्रश्न आला की समजा योग्य जागी आलात. घरगुती किटमधलं बरंचसं यीस्ट एल जातीचं असतं आणि त्याला १८ ते २२ अंश मानवतं. डब्यावर ‘लागर’ लिहिलं असलं तरी आत अनेकदा एलचंच यीस्ट असतं. खरं लागर यीस्ट १० ते १४ अंशांत काम करतं, म्हणजे त्याला वेगळा फ्रिज हवा. हा फरक न सांगता महागडं लागर किट गळ्यात मारणारं दुकान आम्ही तरी टाळतो.

दुकानदाराने पांढऱ्या साखरेऐवजी डेक्स्ट्रोज आणि माल्ट पावडरीचं मिश्रण सुचवलं तर तो जास्तीचा खर्च करा. किलोभर नुसत्या साखरेने बिअर पातळ लागते. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घ्याच. साधारण १.०४०च्या आसपास सुरू झालेला आकडा १.०१०च्या आसपास येतो आणि लागोपाठ दोन दिवस हलत नाही, तेव्हाच बाटल्या भरायच्या. घाई केली तर आत दाब वाढून बाटली फुटते. घरात लहान मुलं असतील तर काचेच्या बाटल्यांच्या नादी लागू नका. ७४० मिलीच्या जाड तपकिरी प्लॅस्टिकच्या बाटल्या मिळतात, प्रत्येकीत साखरेच्या दोन वड्या टाकायच्या. वापरलेल्या काचेच्या बाटल्या फुकट मिळतात म्हणून त्यांचा मोह होतो, तो आवरा.

फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, घेताना त्याचा नळ सुटा होतो का हे दुकानातच उघडून पाहा. घाण साठते ती नळाच्या पोटात, आणि आंबट बिअरचं मूळ पुष्कळदा तिथेच सापडतं. जुना फर्मेंटर स्वस्तात मिळाला आणि आतून ओरखडे असतील तर सोडून द्या, कारण ओरखड्यातले जंतू निघत नाहीत. धुवायची गरज नसलेलं सॅनिटायझर मागा. पाण्याबद्दलही विचारा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे बिअरला औषधी वास येऊ शकतो, आणि काही भागांत क्लोरामाइन असतं, जे उकळूनही सहज जात नाही. त्यावर २३ लिटरला मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी पुरते. स्थानिक दुकानदाराला आपल्या उपनगराचं पाणी माहीत असतं; दूरच्या ऑनलाइन दुकानाला नसतं.

ऑनलाइन मागवायला हरकत नाही, विशेषतः गावाकडे राहणाऱ्यांना पर्याय नसतो. मात्र जानेवारीत द्रवरूप यीस्ट मागवू नका. पार्सल चाळीस अंशांत व्हॅनमध्ये दिवसभर फिरतं. पोस्टाचा खर्च डब्याच्या वजनावर जातो, तेव्हा दोन-तीन घरांनी मिळून ऑर्डर द्यावी. मसाल्याच्या पुड्या तिथून घेऊ नका. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात, आणि धणे आपल्या डब्यात आहेतच.

भाड्याच्या घरात फर्मेंटर लाँड्रीत, फरशीवर ठेवा. पहिल्या दोन दिवसांत फेस एअरलॉकमधून वर येतो आणि कार्पेटवर पडला तर डाग निघत नाही. मग बॉण्डमधून, म्हणजे घराच्या अनामत रकमेतून, पैसे कापले जातात.

मेलबर्नकरांनी पहिली बॅच एप्रिलमध्ये लावावी. तेव्हा घरातलं तापमान पुष्कळदा आपसूक १८ ते २२ अंशांत राहतं, फ्रिज लागत नाही आणि हीटिंग बेल्टही लागत नाही. मार्चमध्ये एखाद्या शनिवारी दुकानात नुसतं बोलायला जा. किट त्याच दिवशी घेतलंच पाहिजे असं नाही.